पंप आरशापुढे घ्यायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

रिपोर्टवर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, हे नाव दिसलं की घरात दोन प्रश्न उठतात. हे बरं होणार का? आणि श्वासातून औषध घ्यायचा पंप (इनहेलर) एकदा सुरू झाला की त्याची सवय लागणार का? पहिल्या प्रश्नावर तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत. फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, हे स्पष्ट सांगितलंत आणि उरलेलं कसं राखायचं ते लगेच दाखवायला बसलात. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही हिशेबाने दिलंत. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी चाळीस फवाऱ्यांएवढी, आणि तीही आधी पोटात जाऊन मग सगळ्या अंगभर फिरते. ज्या घरांत पंप कपाटात लपवून ठेवला जायचा, तिथे हे एक गणित पुरलं. त्याबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार आरशाचे. पंप घेता येतो असं प्रत्येकालाच वाटतं. तुम्ही मात्र आरशापुढे उभं करून घ्यायला लावलंत, आणि ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर येताना दिसला. तो धूर म्हणजे वाया गेलेलं औषध. पंप नीट हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, श्वास सावकाश आत ओढायला लागल्यावरच दाबायचं, मग दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरायचं. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, आणि त्यातही एका वेळी एकच फवारा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पण फडक्याने पुसायचा नाही. पुसलं की प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून राहतं. इतकं बारीक कारण समजल्यावर कोणी पुन्हा पुसायला जात नाही. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर गुळणी करून पाणी थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो.

कॅप्सूलमधली पूड श्वासाने ओढायच्या रोटाहेलरची रीत नेमकी उलटी, हेही तुम्हीच बजावलंत. त्यात सावकाश ओढून भागत नाही, जोरात आणि खोल ओढावं लागतं, आणि त्यात श्वास सोडायचा तर मुळीच नाही. आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामेजतात. अशा हवेत कॅप्सूलची पूड गोळा होते आणि अर्धी आतच राहते. म्हणून बाटलीचं झाकण लगेच लावायचं, कॅप्सूल कोरड्या हातानेच धरायची, आणि ओढून झाल्यावर ती रिकामी झाली का ते पाहायचं. पूड उरली असेल तर पुन्हा एकदा ओढायचं.

धाप लागल्यावर माणूस आणखी हवा आत घ्यायला धडपडतो. खरी अडचण जुनी हवा बाहेर न पडण्याची असते, हे कळल्यावर अर्धी भीती उतरली. नाकाने दोन अंक आत, मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंक बाहेर. समईची ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये, ही तुमची खूण घरातल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पायरी चढताना श्वास सोडायचा आणि थांबल्यावर घ्यायचा. अगदीच दम लागला तर सोप्यावर (पडवीतल्या बैठकीवर) बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवायची.

बिडी कधी हातात धरली नाही, मग मलाच हे कसं, असं विचारणाऱ्या आयांना तुम्ही न्हाणीतल्या भाणाबद्दल, म्हणजे चुलीवर पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याबद्दल, विचारलंत, हे आम्ही विसरणार नाही. दारं बंद करून नारळाची सोडणं आणि चुडतं (सुकी झावळं) पेटवायची, तीही पावसात ओली झालेली, आणि तो धूर वर्षानुवर्षं छातीत घ्यायचा. तुम्ही कोणाला दोष दिला नाहीत. पाणी गॅसवर किंवा गीझरवर तापवा आणि ते जमेपर्यंत भाण बाहेर पडवीत हलवा, एवढंच म्हणालात. चतुर्थीत अगरबत्ती-धूप कमी करा आणि नरकासुराच्या पहाटे फटाक्यांपासून लांब राहा, हेही त्याच आपुलकीने सांगितलंत.

फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुमच्या हातचा कागद: कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा धाप नेहमीपेक्षा जास्त वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टर. ओठ निळे पडले, एका दमात वाक्य पुरं होईना किंवा माणूस गुंगीत जायला लागला, तर लगेच १०८. घरातला ऑक्सिजन आपल्या मनाने वाढवायचा नाही, कारण काही रुग्णांत त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो, ही ओळ तुम्ही लाल शाईने लिहिली आहे. ती लाल होती म्हणूनच नजरेत राहते.

पुढच्या तपासणीला पंप, स्पेसर आणि उरलेल्या कॅप्सूल पिशवीत घालूनच येऊ. आरसा तुमच्याकडे आहेच.

आपले ऋणी,
डिचोली, सत्तरी आणि फोंड्याकडचे तुमचे रुग्ण व त्यांची घरची माणसं