चिऱ्याच्या भिंतीवर टीव्ही: बाब्यास पत्र

म्हापसा, श्रावण

प्रिय बाब्या,

काकांच्या वर्षश्राद्धाला येऊन गेलो त्यानंतर तुला एक ओळ लिहिली नाही. मनाला लागून राहिलंय. आमच्याकडे सगळे बरे, माझा गुडघा आहे तसाच आहे. पण आज रात्री लिहायला बसलोय ते तू दुपारी पाठवलेल्या फोटोमुळे. हॉलच्या भिंतीवर पेन्सिलीच्या चार फुल्या, खाली स्टुलावर टीव्हीच्या ब्रॅकेटचा खोका, आणि त्याच्या शेजारी पिशवीत स्क्रू धरणाऱ्या लाल प्लास्टिकच्या गिट्ट्या. ‘परवा दुकानातला पोरगा येतो, पंधरा मिनिटांचं काम,’ म्हणालास आणि फोन ठेवलास. त्या फुल्यांवर भोक मारू देऊ नकोस. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नकोच.

फुल्यांच्या बरोबर खाली काकींची आरामखुर्ची असते. माझी झोप उडाली ती त्यामुळे.

पहिलं भिंतीचं. ती तुझ्या आजोबांनी उभी केलेली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत, सांध्यांत माती आणि वरून चुन्याचा गिलावा. दुकानातल्या पोराला सवय फ्लॅटमधल्या काँक्रीटची आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची. चिरा खाणीतून निघतो तेव्हा हत्याराने कापता येतो, हवा लागली की कडक होतो. 1807 मध्ये बुकाननने त्याला लॅटेराइट म्हटलं तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण मलबारात लोक तो विटेसारखा कापून वापरत होते. पण विटेसारखा तो आतून एकसारखा नसतो. एखादा चिरा मोडून बघ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील, आणि काही भोकांत पिवळी शेडी, म्हणजे मऊ माती, भरलेली. ड्रिल कडक भागात लागेल की शेडीत घुसेल, ते बाहेरून कळत नाही.

आता ती गिट्टी. ती आहे चाळीस मिलिमीटर लांब. तुमच्या हॉलचा गिलावा सहज तीस-पस्तीस मिलिमीटर जाड आहे. खिडकीच्या चौकटीशी जिथे पोपडा निघालाय तिथे पट्टी लावून बघ. मग गिट्टीचं दगडात गेलं किती? नखभर. म्हणजे टीव्ही धरून ठेवणार शंभर वर्षांचा चुना.

तो लगेच पडत नाही, धोका आहे तो तिथेच. पहिले काही महिने सगळं ठाकठीक दिसतं. मग ब्रॅकेटच्या वरच्या कडेला केसासारखी चीर येते आणि खाली लादीवर चिमूटभर लालसर पूड दिसायला लागते. वहिनी ती झाडून टाकतील, कारण जुन्या घरात पूड पडतेच. पुढे एखाद्या दिवशी कुणी टीव्हीचं तोंड वळवायला जाईल आणि तेव्हा तो खाली येईल.

आणि तू घेतलंस तेही बाहेर ओढता येणारं, हाताचं ब्रॅकेट! सपाट ब्रॅकेट असतं तर टीव्ही भिंतीपासून चार-पाच सेंटीमीटरवर राहिला असता आणि बहुतेक भार सरळ खाली गेला असता. हाताच्या ब्रॅकेटचं गणित वेगळं. 55 इंची टीव्ही स्टँडशिवाय सोळा किलो धरू. हात 50 सेंटीमीटर बाहेर ओढला आणि पाटीवरच्या वरच्या-खालच्या बोल्टांत अंतर 20 सेंटीमीटर असलं, तर वरच्या बोल्टांवर बाहेरच्या बाजूने ओढ येते सोळा गुणिले पन्नास भागिले वीस, म्हणजे चाळीस किलो. हाताचं स्वतःचं वजन वेगळं. धाकटीने कोपऱ्याला धरून लोंबकळी घेतली तर विचारू नकोस. खोक्यावर ‘50 किलोपर्यंत’ छापलंय ते लोखंडाचं आहे, तुझ्या भिंतीचं नाही.

कौलांच्या वेळीही मी असाच कानीकपाळी ओरडत होतो. तू स्वयंपाकघरावर पत्रे घातलेस आणि आता मे महिन्यात वहिनी भाकऱ्या मागच्या पडवीत भाजतात. ते भांडण आज उकरत नाही. पण या वेळी माझं ऐक.

तुझं घर वजन कसं पेलतं ते चवथीला बघ. गणपतीच्या डोक्यावर बांधतो त्या माटोळीला नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगं, कांगलां, घागऱ्यो अशी फळं लावतो, सगळं मिळून किती होतं! ती आपण कधी भिंतीला टांगली का? वरच्या वाशांना दोर बांधून सोडतो. जुन्या मेस्तांनी भिंत बांधली ती वरून येणारं ओझं खाली जमिनीत उतरवायला. त्या कामाला ती अजून शंभर वर्षं पुरेल. बाहेरच्या बाजूने ओढ घेणं तिला कुणी शिकवलेलंच नाही.

जागेचं बोलतो. इंग्लंडातल्या स्विंडनहून तुझ्या धाकट्या भावाने फोटो पाठवला, शेकोटीच्या वर टीव्ही, आणि तुला आपल्या गणपतीच्या कोनाड्याच्या वर तसाच हवा झाला. तिकडच्या जुन्या घरांत त्या शेकोट्या पुष्कळदा बंदच असतात, म्हणून चालून जातं. तरी तिथलेही जाणते लोक टाळायला सांगतात. चिमणीच्या भिंतीच्या पोटात धुराड्याची पोकळी असते, भोक खोल गेलं तर तिच्यात निघतं. शेकोटी पेटती असली तर पडद्यामागचे भाग भाजतात. बहुतेक टीव्ही भोवतालच्या 40 अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेसाठी केलेले असतात. तुमच्याकडे शेकोटी नाही, पण चवथीच्या दिवसांत त्या कोनाड्यात दोन समया अखंड, वर कापूर आणि धूप. उष्णता त्या मानाने थोडी, पण तेलाची काजळी टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत ओढली जाते, आणि तुपकट काजळीवर धूळ बसली की ती निघत नाही.

शिवाय मान. कोनाड्याच्या वर म्हणजे टीव्हीचा मध्य जमिनीपासून सहा फुटांवर, 180 सेंटीमीटर. खुर्चीत बसलेल्या काकींचे डोळे फार तर 95 ते 100 वर. खुर्ची समोर तीन मीटरवर नेली तरी रोज संध्याकाळी दोन तास पंधरा अंश वर बघायचं. त्यांच्या मानेचा पट्टा आत्ता कुठे सुटलाय ना? पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवा, फार तर थोडा वर.

मग करायचं काय? माझं मत विचारशील तर या भिंतीला भोकच नको. चाळीस बाय चाळीस मिलिमीटरच्या लोखंडी चौकोनी नळीचे दोन खांब वेल्डरकडून करून घे. खाली रुंद पाय असू देत आणि मध्ये दोन आडव्या पट्ट्या. ब्रॅकेट त्या पट्ट्यांना. सगळं वजन लादीवर जाईल. भिंतीचं काम एवढंच, की सांगाडा पुढे कलंडू न देणं. त्याला वरच्या टोकाला दोन पट्ट्या पुरतात, त्याही वरच्या वाशाला बांधल्या तर उत्तम. मात्र वासा टोचून बघ, वाळवीने आतून खाल्लेला असला तर पातं लोण्यासारखं आत जातं. गंज न लागण्यासाठी रेड ऑक्साइडचा हात दे आणि वर ऑइलपेंट. पुढून फणसाच्या फळ्या लावल्यास तर वहिनींनाही आवडेल.

भिंतीवरच हवा असा हट्ट असेल तर निदान नीट कर. हाताचं ब्रॅकेट परत देऊन सपाट घे. खरेदीआधी टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मोज. ते कंपनीप्रमाणे बदलतं, 55 इंचाला उदाहरणार्थ 300 बाय 200 किंवा 400 बाय 300 मिलिमीटर. स्क्रू कुठला ते टीव्हीच्या पुस्तकात असतं, मोठ्या टीव्हींना M6 किंवा M8, म्हणजे सहा किंवा आठ मिलिमीटर जाडीचा. स्क्रू हाताने फिरला पाहिजे. जास्त लांब स्क्रू पान्याने रेटला तर आत काहीतरी फुटतं आणि मग वॉरंटीवाले हात वर करतात. लांब वाटला तर मध्ये वॉशर घाल.

भिंतीवर आधी फळी, मग ब्रॅकेट. चार फूट बाय दोन फूट, एकोणीस मिलिमीटरचा मरीन प्लाय. तो सहा ठिकाणी धरला की ओझं वेगवेगळ्या चिऱ्यांवर वाटलं जातं. एकाच्या पोटात शेडी निघाली तरी बाकीचे पेलतात. फळी भिंतीला चिकटवू नकोस, मागे वीस मिलिमीटरचे ठोकळे देऊन हवा खेळती ठेव, नाहीतर दोन पावसाळ्यांत मागून बुरशी धरेल.

भोकं चिऱ्याच्या मध्यावर, सांध्यात नाही. सांध्यातली माती काहीच धरत नाही. आधी बोटांच्या पेरांनी ठोकून बघ, भरीव आवाज आणि बद्द आवाज यांतला फरक कळतो. मग सहा मिलिमीटरचं पातं घाल आणि पूड बघत राहा. आधी पांढरी येईल तो चुना. मग लाल, दाणेदार, बोटांत कचकचणारी आली की चिरा लागला. पिवळी आणि मऊ, कपाळाला लावायच्या गंधासारखी आली की थांब, तिथे सांधा किंवा शेडी आहे. चार बोटं सरकून दुसरं भोक घे. ड्रिलची हॅमरची कळ बंद ठेव. हॅमरने चिऱ्यात भोकाचं तोंड रुंद होतं आणि आतले कप्पे ढासळतात.

रावल बोल्ट वापरू नकोस. तो फुगून धरतो, आणि चिरा फुगणाऱ्या बोल्टाला जागा करून देत फुटतो. केमिकल अँकर घे, म्हणजे नळीतून पिळायचं रेझिन, सुकलं की त्यात रॉड पक्का धरला जातो. सोळा मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकच्या जाळीची 130 मिलिमीटर लांब नळी, म्हणजे गिलावा सोडून दगडात निदान 85-90 जातं. जाळी नसेल तर रेझिन चिऱ्याच्या पोकळ्यांत वाहून जातं आणि रॉडला काही उरत नाही. भोक फुंकून, ब्रशने घासून, परत फुंकून घे. पूड राहिली तर रेझिन पुडीला चिकटतं, दगडाला नाही. हेच बहुतेकांचं चुकतं. पहिले दोन-तीन पिळे रंग एकसारखा येईपर्यंत फेकून दे. मग जाळी तळापासून भरत ये आणि M10 चा स्टेनलेस रॉड हळूहळू फिरवत आत घाल. सुकायचा वेळ रेझिनच्या नळीवरच्या तक्त्यात असतो, भिंत दमट असेल तर तो दुप्पट धर. टीव्ही दुसऱ्या दिवशी. त्याआधी तू स्वतः त्या फळीला लोंबकळून बघ. तुझं वजन पेललं तर टीव्हीचं काय घेऊन बसलास!

पण हे सगळं आत्ता नको. ती भिंत पश्चिमेची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला आडवा मार तिनेच खाल्लेला असतो. फूटभर लांब-रुंद प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटव आणि दोन दिवसांनी बघ. आतून थेंब धरले तर भिंत ओली आहे, तिच्यावर वायर नको, टीव्ही नको, रेझिनही नको. जानेवारी-फेब्रुवारीत परत बघू.

वायरमनला सांगायचं: सॉकेट टीव्हीच्या मागेच, आणि वायरसाठी भिंतीला आडवी खाच मारायची नाही. उभी चालेल. खरं तर भिंतीवरून पट्टी फिरवलेली बरी. पाईप घातलाच तर चाळीस मिलिमीटरचा. एचडीएमआयच्या वायरचं डोकं वीस-एकवीस मिलिमीटर रुंद असतं, पंचवीसच्या पाईपात वळणावर हमखास अडकतं. आणि मे-ऑक्टोबरच्या गडगडाटात पिन काढायची, डिशची वायरसुद्धा. आकाशातली वीज त्या वायरीतूनही आत येते.

या चवथीपुरता टीव्ही टेबलावर ठेव. टेबल दीड फूट उंच पुरे, पण लांबी चार फूट हवी, कारण बऱ्याच टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात. मागून एक पट्टा टेबलाला बांध, धाकटीसाठी.

थोरल्याला हवं ते कॉलेज मिळालं हे काकींनी सांगितलं, फार बरं वाटलं. वहिनींची बदली थांबली का? पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो.

रविवारी येतोच आहे. पाणसळीची नळी, ओळंबा आणि आमच्याकडचं शिसवी टेबल घेऊन येतो, चार फूट दोन इंच भरतं. तू एवढंच कर, त्या पोराला फोन करून परवा येऊ नकोस म्हण, आणि मी येईपर्यंत काकींची खुर्ची खिडकीपाशी हलव.

काकींना नमस्कार.

तुझा,
भाई