नमुना चिकटवला कसा, तेही छापा

मा. संपादक, स. न.

तुमच्या विज्ञान पानावर कागोमे धातूंची छोटीशी बातमी वाचली, बरं वाटलं, असले विषय मराठीत घेतं कोण! पण ‘काळाची सिमेट्री (काळ उलटा फिरवला तरी सगळं तसंच दिसणं) मोडणारा धातू सापडला’ असं जे ठोकून दिलंय ते काही पटलं नाही, तिथे अजून भांडणं चालू आहेत.

हे धातू २०१९ मधले, व्हॅनेडियम, अँटिमनी आणि जोडीला पोटॅशियम, रुबिडियम नाहीतर सिझियम. व्हॅनेडियमचे अणू टोपलीच्या विणीसारखे, त्रिकोण आणि मधे षटकोन, कागोमे म्हणतात ते यालाच. सिझियमवाला ९४ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १७९ डिग्रीपर्यंत थंड केला की इलेक्ट्रॉन कुठे दाट कुठे विरळ असा नवा पॅटर्न धरतात, आणि पार खाली २.५ केल्विनला तोच धातू सुपरकंडक्टर होतो, म्हणजे वीज बिनअडथळा वाहते. या पॅटर्नचं आणि सुपरकंडक्टिव्हिटीचं आपसात जमत नाही, दाब देत गेलं की पॅटर्न ढिला पडतो आणि सुपरकंडक्टिव्हिटीचं तापमान, मधे एकदा खाली येऊन, २ गिगापास्कलच्या (हवेच्या दाबाच्या वीसेक हजार पट) आसपास ८ केल्विनपर्यंत चढतं. इथवर वाद नाही.

वाद पुढे आहे. बाहेर चुंबक नसताना आत करंटची बारीक वर्तुळं आपोआप फिरतात, काळ उलटा केला तर तीही उलट फिरतील, म्हणून सिमेट्री मोडली, असा दावा. स्वित्झर्लंडमध्ये म्युऑन (आतलं बारीकसं चुंबकीय क्षेत्रही ओळखणारे कण) वापरून २०२२ मध्ये तशा खुणा मिळाल्या, प्रकाशाच्या केर इफेक्टमध्येही (चुंबकत्व असेल तर परतणाऱ्या प्रकाशाची कंपनदिशा किंचित वळते) काही गटांना सिग्नल दिसला, आणि स्टॅनफर्डच्या कापिटुल्निक यांच्या गटाने २०२३ मध्ये त्याहून कितीतरी बारीक मोजणारं उपकरण लावलं तर काहीच नाही! (तरंगलांबी वेगळी होती, ते खरंय.)

मग २०२४ ला हॅम्बुर्गच्या मॉल यांच्या गटाने स्फटिकावर जवळजवळ ताणच येणार नाही असा तो मऊ पापुद्र्यावर टांगून मोजला, तर करंट सगळ्या दिशांना सारखाच वाहतो, आणि किंचित ताण किंवा चुंबकीय क्षेत्र दिलं की लगेच दिशादिशांत फरक पडतो. एरवी स्फटिक होल्डरला चिकटवतात, थंड होताना होल्डर वेगळ्या मापाने आकसतो आणि स्फटिक ओढला जातो, मग मोजलं ते धातूचं की गोंदाचं हो?

मला तर हीच खरी बातमी वाटते. पुढच्या वेळी नमुना कसा बसवला होता तेवढं एका ओळीत द्या, जागा कमी पडली तर शेजारचं राशिभविष्य कापा.

आपला,
एक जुना वाचक