जाहिरातीनं आधी सांगितलं

ती. बाबा आणि ती. आई यांना शि. सा. न.

मंगळवारी आईचा फोन आला. टॅबवर उकडीच्या मोदकांची कृती बघत होती, तर मध्येच मोठ्या अक्षरांत जाहिरात: 'हात थरथरतात?' दुसरी साइट उघडली, तिथेही तीच. "यांना काही झालंय का गं?"

बाबा, तुम्ही रात्री फोनवर कंपवाताबद्दल वाचत बसता, हे आम्हाला असं कळलं. फार वाईट वाटलं आणि रागही आला. तुमचा नाही. आईला हे कधी आणि कसं सांगायचं, ते तुम्ही ठरवायचं होतं.

आई, फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो असं तुला वाटतंय. त्याची गरजच पडत नाही. बाबांनी वाचलं त्या पानांवर जाहिरात कंपन्यांच्या कोडचे अदृश्य तुकडेही असतात. ते ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवतात, तिला कुकी म्हणतात. पुढच्या साइटवर त्याच कंपनीचा तुकडा असला की ती आपली चिठ्ठी ओळखते. दादरला केमिस्टकडून निघाल्यापासून एखादा माणूस मागे लागावा, भाजीवाल्याकडे, मग ग्रंथसंग्रहालयात, आणि सगळीकडे वहीत टिपत राहावा, तसं. त्यात फोन आणि टॅब, दोन्हीवर बाबांचंच खातं. बहुधा म्हणूनच ते तुझ्यापर्यंत पोचलं.

रविवारी येते तेव्हा तुझं खातं वेगळं करून देईन. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जोड-साधनही टाकते, ते असे बरेच तुकडे पानावर येण्याआधीच अडवतं. तोवर बाबा, फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलखाली 'अ‍ॅड्स' शोधा आणि 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' दाबा; जाहिरातवाले फोन ज्यानं ओळखतात तो क्रमांक त्यानं पुसला जातो. इनकॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीवर, मात्र विसंबू नका. ते बंद केलं की चिठ्ठ्या पुसल्या जातात, पण साइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतोच.

तुमच्या निळ्या फाइलीत ऑगस्ट २०१७ चं कात्रण आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, त्याचं. मला उभं करून मोठ्यानं वाचून दाखवलं होतंत. तो हक्क तुमच्या दुखण्यालाही आहे, बाबा.

आणि हात थरथरला म्हणजे कंपवातच, असं नसतं. थायरॉइडनं होतं, काही औषधांनीही होतं. सोमवारी आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. आई, तोवर बाबांचा चहाचा कप काठोकाठ भरू नकोस.

तुमची,
मनू