किनाऱ्याची वाट सांगता, तर भरतीची वेळही सांगा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दूरच्या, निर्मनुष्य किनाऱ्यांवरचा लेख मनापासून आवडला. पण पोहोचायचं कसं, सूर्यास्त कुठून पाहायचा हे सगळं सांगणाऱ्या त्या लेखात भरती-ओहोटीबद्दल एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं. जिथे जीवरक्षक नाही आणि फोनला रेंज नाही, तिथे ही माहिती सगळ्यात आधी हवी.

असे किनारे बरेचदा दोन कड्यांच्या बेचक्यात असतात. ओहोटीला कड्याच्या पायथ्याने, खडकांवरून पलीकडच्या पुळणीत जाता येतं, वाटेतल्या गुहा पाहता येतात. ही वाट काही तासांपुरतीच उघडी असते. पाणी चढू लागलं की आधी मागची वाट बुडते. समोरची पुळण कोरडीच दिसत राहते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक ठिकाणी दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. म्हणजे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी ओसरतं जास्त आणि चढतंही जास्त. गुहा सगळ्यात चांगल्या दिसतात त्याच दिवशी परतीची वाट सगळ्यात खोल बुडते!

पोहणाऱ्यांना दुसरा धोका. सगळीकडे लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून समुद्रात परतत असतं. कधीकधी त्याला सेकंदाला 2 मीटरहून जास्त वेग असतो. त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. आइसलँडमधल्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर तर काळी वाळू आणि बसाल्टचे खांब बघायला आलेल्या, काठावर नुसत्या उभ्या असलेल्या माणसांनाही अचानक चढून आलेल्या लाटेने ओढून नेलं आहे. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नयेत, एवढं तरी लेखात हवं होतं.

दोष काढायला हे लिहीत नाही. या जागा मलाही फार प्रिय आहेत. भरतीने मागे सोडलेली ती ओळ पाहत तासन् तास चालावं: शेवाळाचे गुंते, भोकं पडलेले शंख, समुद्रफेनाचे (माकुळाच्या आतल्या कवचाचे) पांढरे तुकडे, मध्येच निळ्या फुग्यासारखी ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा समुद्री जीव. ती मेलेली दिसली तरी तिचे तंतू डंख करतात, हे मुलांना आधीच सांगावं. ओळीच्या वरच्या बाजूला, उघड्या वाळूतल्या साध्या खळग्यात चिखल्या पक्षी अंडी घालतो. ठिपक्यांची ती अंडी वाळूत इतकी मिसळून जातात की गाडीतून जाणाऱ्याला दिसणं शक्यच नाही. म्हणून गाडी वाळूवर नेऊच नये.

आणि वाळू सरकते. नामिबियाच्या किनाऱ्यावर 1909 मध्ये रुतलेलं 'एडुआर्ड बोहलेन' हे जहाज आज पाण्यापासून कित्येकशे मीटर आत, वाळवंटात पडलेलं आहे. उष्ण प्रदेशांत किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांना त्यांच्यावर पसरणारी मर्यादवेल धरून ठेवते. पायवाटेसाठी ती तुडवली की टेकडी वाऱ्यावर जाते.

आपल्याला विनंती आहे, की किनाऱ्यांवरच्या पुढच्या लेखांत त्या दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि उधाणाच्या तारखा चौकटीत छापाव्यात. कासवांच्या विणीच्या जागांवर रात्री विजेरी लावू नये हेही लिहावं, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्रापासून भरकटतात. आणि फोटोवरून घरट्याची नेमकी जागा ओळखू येत असेल, तर तो फोटो मात्र कृपया छापू नये.

आपली नियमित वाचक