सकागविया, तुझे आभार राहूनच गेले

सकागविया बाई,

तुझे पुतळे उभे राहिले. २००० साली अमेरिकेच्या एका डॉलरच्या नाण्यावर पाठीवरच्या बाळासह तू आलीस. मोहिमेला वाट दाखवणारी शोशोनी जमातीची बाई म्हणून सगळे तुला ओळखतात. पण अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेत पॅसिफिकपर्यंत गेलेल्या त्या मोहिमेच्या दोन कप्तानांच्या, लुईस आणि क्लार्कच्या, रोजनिशा ज्यांच्या रोजच्या वाचनात आहेत, ते आम्ही तुझे आभार मानतो ते १४ मे १८०५ या दिवसासाठी.

मिसुरी नदी, आजचा मोंटाना. कागदपत्रं, उपकरणं, पुस्तकं, औषधं असं मोहिमेचं जवळपास सगळं मोलाचं सामान पांढऱ्या होडीत, आणि दोन्ही कप्तान नेमके काठावर. सुकाणू तुझ्या नवऱ्याच्या, मोहिमेचा दुभाषा असलेल्या शार्बोनोच्या हाती, ज्याला पोहताही येत नव्हतं. अचानक वाऱ्याचा झोत आडवा आला. अशा वेळी होडी वाऱ्याच्या ओघाने जाऊ द्यायची असते. त्याने तिचं तोंड उलट वाऱ्याकडेच वळवलं. शिडाची दोरी धरणाऱ्याच्या हातून हिसकली गेली आणि होडी कुशीवर कलंडली. शीड उतरवून ती सरळ होईपर्यंत आतलं पाणी होडीच्या काठापासून जेमतेम इंचभर खाली होतं. शार्बोनो देवाचा धावा करत होता. होडीच्या पुढच्या टोकाचा नावाडी क्रुझात याने गोळी घालायची धमकी दिली तेव्हा कुठे त्याने सुकाणू धरलं. दोघांनी किटल्यांनी पाणी उपसलं, बाकीच्यांनी वल्ही मारून काठ गाठला.

तू मागच्या टोकाला होतीस. तीन महिन्यांचं लेकरू सोबत, आणि शेजारून वाहून चाललेल्या हलक्या वस्तू तू एकेक करून पाण्यातून उचलत होतीस. आरडाओरडा नाही, कुणाच्या हुकमाची वाट पाहणं नाही. होडीतल्या कुणाही इतकंच धैर्य तुझ्यात होतं, असं लुईसने दोन दिवसांनी लिहिलं. सामान काढून वाळवण्यातच ते दिवस गेले. औषधांचं मात्र फार नुकसान झालं.

पुढे ऑगस्टमध्ये शोशोनींचा मुखिया कामेआवेट तुझाच भाऊ निघाला आणि डोंगर ओलांडायला घोडे मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ३० नोव्हेंबरची भाकर मात्र फार थोड्यांना आठवते. पॅसिफिकच्या पावसात वाळवलेले मासे खाऊन माणसांची पोटं बिघडली होती. बाळासाठी जपून ठेवलेल्या पिठाची भाकर, भिजून जराशी आंबलेली, तू क्लार्कला दिलीस. कित्येक महिन्यांत भाकरीचा घास मिळाला नव्हता, मोठ्या समाधानाने खाल्ली, असं त्याने लिहून ठेवलंय. माणुसकी असते ती अशीच. स्वतःच्या लेकराच्या वाट्यातलं देते आणि मागत काही नाही.

आणि मोहिमेच्या शेवटी, हिशेबाच्या दिवशी? शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट, तुला काहीही नाही. याहून मोठ्या मोबदल्याला तू पात्र होतीस, असं क्लार्कने कळवलं, तेही तुझ्या नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात. तुला उद्देशून कुणी चार ओळी लिहिल्याच नाहीत. म्हणून हे पत्र तुझ्याच नावाने.

तुझे ऋणी,
रोजनिशांचे वाचक