कोरियन जेवण: आधी परिसर बघा, मग रस्सा विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बडोद्यातल्या कॅफेंच्या मेनूकार्डावर 'कोरियन' हा शब्द आता सर्रास दिसतो. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ केचप, साखर आणि लाल तिखटाचा चिकट सॉस एवढाच असतो. त्यामुळे सुट्टीत दिल्ली-मुंबईला निघालं की मुलांची पहिली फर्माईश खऱ्या कोरियन जेवणाची. आपल्या पुरवणीत खाद्यसफरी येतात, त्यांत नावं असतात, फोटो असतात. पण काय मागवावं आणि मागवण्याआधी काय विचारावं, ते नसतं. त्यासाठी हे पत्र.

कोरियन नोकरदार जिथे राहतात, तिथेच चांगली कोरियन खानावळ टिकते. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात ह्युंदाईच्या गाड्या १९९८ पासून तयार होत आहेत, म्हणून चेन्नईत हे जेवण 'फॅशन' व्हायच्या कितीतरी आधीपासून मिळतं. नोएडात सॅमसंग आणि ग्रेटर नोएडात एलजी असल्यामुळे दिल्ली, गुरुग्राम, नोएडा हा पट्टाही तसाच. बडोद्याहून राजधानीने रात्रीत दिल्ली गाठता येते, तेव्हा आपल्याला तेच सोयीचं. ग्रीन पार्कमधलं 'गुंग द पॅलेस' हे बसून, निवांत आणि खिसा सैल सोडून जेवायचं ठिकाण. शनिवार-रविवारी टेबल आधी सांगून ठेवा. सफदरजंग एन्क्लेव्हला लागून असलेल्या हुमायूंपूरच्या गल्ल्यांत 'कोरीज' आहे. मजनू का टिला या तिबेटी वस्तीत विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी कोरियन उपाहारगृहं आहेत, 'बुसान' त्यातलंच. मेट्रोने विधानसभा स्टेशनला उतरून रिक्षा करावी. अशी ठिकाणं जागा बदलतात, बंदही होतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करावा. दुपारी तीन ते सहा स्वयंपाकघर बंद ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, तेही त्याच फोनवर विचारून घ्यावं. पुण्यात नातेवाईक नाहीत असं बडोदेकर मराठी घर विरळाच. रांजणगावला एलजी आहे, तळेगावच्या कारखान्यासाठी ह्युंदाईने २०२३ मध्ये करार केला, त्यामुळे पुण्याकडेही लक्ष ठेवायला हरकत नाही.

जागा अस्सल आहे की नाही हे मुख्य पदार्थ येण्याआधीच कळतं. न मागता छोट्या वाट्या समोर येतात: किमची, मोडाची कोशिंबीर, पालक, बटाटा. यांना 'बानचान' म्हणतात. आपल्या ताटाची डावी बाजूच म्हणा, फक्त ती सगळ्यांच्या मधे ठेवलेली असते. जुन्या पद्धतीच्या जागी तिचे वेगळे पैसे नसतात आणि वाटी संपली की पुन्हा भरून मिळते. किमची आधी चाखा. मीठ लावून मुरवलेल्या कोबीचा आंबटपणा जिभेवर किंचित चुरचुरतो आणि रेंगाळतो. व्हिनेगर घातलेलं असेल तर आधी नाकात जातं. किमचीच झटपट केलेली असेल, तर पुढच्या पदार्थांकडूनही फारशी अपेक्षा ठेवू नये.

शाकाहाऱ्यांची फसगत मात्र याच वाटीपासून सुरू होते. पारंपरिक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो, दिसायला ती निव्वळ कोबी. त्याहून मोठी गफलत रश्श्यात. 'सुन्दुबू जिगे' म्हणजे मऊ टोफूचा रस्सा आणि 'दोएनजांग जिगे' म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा. दोन्ही नावं वाचून शाकाहारी माणूस निर्धास्त होतो, पण दोन्हींचं पाणी बहुधा सुक्या अँकोव्ही मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं असतं. तोकबोक्कीचं, म्हणजे तिखट सॉसमधल्या तांदळाच्या कांड्यांचंही तेच, शिवाय तिच्यात माशाच्या वड्यांच्या पट्ट्या असतात. गिमबाप म्हणजे शेवाळाच्या पापुद्र्यातली भाताची गुंडाळी, तिच्यात हॅम, खेकड्याच्या चवीची कांडी आणि अंडं. तेव्हा वेटरला 'व्हेज आहे का' असं विचारू नका. मांसाचे तुकडे दिसत नाहीत म्हणून तो खुशाल 'हो' म्हणेल. विचारायचं ते असं: रस्सा कशाच्या पाण्यात? किमचीत मासळी आहे का? सॉसमध्ये ऑयस्टर किंवा फिश सॉस आहे का? तवा वेगळा मिळेल का? चारांपैकी दोन उत्तरांना वेटर आत विचारून आला, तर जागा भरवशाची.

सुरक्षित निवड म्हणजे बिबिमबाप: भात, त्यावर पाच-सहा भाज्या आणि गोचुजांग ही मिरचीची आंबवलेली चटणी. मांस आणि अंडं काढायला सांगता येतं. चटणीत खिमा परतलेला नाही ना, एवढं विचारा. तापलेल्या दगडी भांड्यातला 'दोलसोत' मागवलात तर लगेच कालवू नका. दोन-तीन मिनिटं थांबलं की तळाला खरवड धरते, आणि खरी मजा तीच. चटणी एकेक चमचा घाला. रंगाला भ्यायचं कारण नाही, ती गोडसर असते, पण जास्त झाली की खारट लागते. जापचे, म्हणजे रताळ्याच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया, मांसाशिवायही छान होतात.

तोकबोक्की पार्सल घेऊ नये. तांदळाच्या त्या कांड्या गार झाल्या की शिळ्या भाकरीसारख्या ताठरतात, कारण तांदळातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. आणलीच असेल तर तीन-चार चमचे पाणी घालून मंद आचेवर हलवत गरम करा.

मांसाहाऱ्यांसाठी टेबलावरची शेगडी. 'साम्ग्योपसाल' म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे जाड काप. बऱ्याच ठिकाणी किमान दोन जणांची ऑर्डर लागते, मेनूवरचा भाव मात्र एका माणसाचा असतो; बिल बघून होणारी वादावादी बहुतेक यावरूनच. भाजलेला तुकडा कात्रीने कापून, सॅलडच्या पानात साम्जांग या आंबवलेल्या सोयाबीनच्या तिखट चटणीबरोबर गुंडाळून एका घासात खायचा. बुलगोगी, म्हणजे मसाल्यात मुरवून भाजलेले मांसाचे पातळ काप, मुळात गोमांसाची. आपल्याकडे तिच्या जागी म्हैस, डुक्कर किंवा कोंबडी असते, कोणतं ते विचारूनच मागवा. आणि रात्रीची गाडी पकडायची असेल तर शेगडीपाशी बसू नका, कपड्यांचा वास बडोद्यापर्यंत सोबत येतो.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना कोरियन जेवण परकंच, असा समज आहे. पण तिथल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासळीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सोलला जाणाऱ्यांनी जोग्येसा मंदिरासमोरच्या 'बालू गोंगयांग'मध्ये तो जरूर चाखावा. भारतातल्या नेहमीच्या कोरियन खानावळीत ती अपेक्षा ठेवू नये. तिथे लसूण वगळायला सांगणं म्हणजे मिसळीतून तर्री वगळायला सांगणं.

आपल्या खाद्यसफरींत यापुढे प्रत्येक जागेच्या नावापुढे दोन गोष्टी छापाव्यात ही विनंती: रस्सा कशाचा, आणि किमचीत मासळी आहे की नाही. फोटो एखादा कमी चालेल.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे