बुरसलेलं कुटार उपसायच्या आधी वाचा (गटातल्या सगळ्यांसाठी)

राम राम मंडळी, ज्यांच्या सोयाबीनच्या कुटाराच्या (मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या) गंजीत पाणी शिरलं होतं त्यांनी घाईनं उपसू नका. ओलं कुटार आतून तापते अन् त्या गरमीत बुरशी आणि ॲक्टिनोमायसिट नावाचे जिवाणू वाढतात, मग वाळल्यावर हात लावला की जी पांढरट धूळ उडते ते त्यांचेच बीजाणू (ज्यातून ते पुन्हा उगवतात ते कण), 5 मायक्रॉनहून बारीक, नाकात अडकत नाहीत, सरळ फुप्फुसात खोल जातात. आपण म्हणतो धुळीनं काय होते, वावरात धूळच आहे, पण ही धूळ वेगळी आहे बाप्पा!

त्रास लगेच होत नाही, 4 ते 8 तासांनी होतो. सकाळी कुटार उपसलं अन् संध्याकाळी थंडी वाजून ताप, खोकला, दम, म्हणून लोक मलेरिया समजून गोळ्या खातात. दवाखान्यात गेलं तं बुरसलेल्या कुटाराचं काम केलं हे डॉक्टरला नक्की सांगा. याला फार्मर्स लंग म्हणतात, दरवर्षी असंच होत राहिलं तं फुप्फुस कडक होते अन् ते परत नीट होत नाही.

दुपट्टा बांधून भागत नाही, एन-95 मास्क घ्या. कुटारावर थोडं पाणी शिंपडा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, लेकरं दूर ठेवा. ज्यांना दमा आहे किंवा टीबी होऊन गेला त्यांनी हे काम करूच नका, दुसऱ्याला सांगा. जिनिंगवर जाणाऱ्यांनीही मास्क लावा, कापसाच्या धुळीतही जिवाणूंचं विष राहते, छाती आवळते.